परदेशात स्की प्रशिक्षक म्हणून पहिला हंगाम : सामान आणि पूर्वतयारी

निळीवाट (प्रश्न)

नमस्कार.

कॅनडाच्या पश्चिमेकडील रॉकी पर्वतातल्या एका स्की शाळेत डिसेंबर ते एप्रिल या हंगामासाठी प्रशिक्षक म्हणून माझी निवड झाली आहे. कॅनडातील स्की प्रशिक्षक संघटनेच्या चार स्तरांपैकी पहिला स्तर मी उत्तीर्ण झाले आहे. त्यामुळे मला बहुतेक लहान मुलांचे आणि अगदी नवशिक्यांचे वर्ग दिले जातील, असे शाळेने कळवले आहे. निघायला अकरा आठवडे उरले आहेत. आजवर मी सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ बर्फात कधीच राहिलेली नाही आणि जेव्हा राहिले तेव्हा शिकणारी किंवा पर्यटक म्हणून राहिले. पाच महिने रोज सकाळी कामावर हजर व्हायचे असेल तर तयारी कशी वेगळी करावी लागते, हे मला अनुभवी लोकांकडून समजून घ्यायचे आहे.

विमानात मला २३ किलोची एक बॅग, एक स्कीची बॅग आणि हातातले सामान एवढेच नेता येईल. मी केलेली कच्ची यादी अशी आहे : दोन स्की (एक रोजच्या वापराची आणि एक ताज्या मऊ बर्फासाठीची रुंद), हेल्मेट, एक गॉगल, दोन जाड जॅकेट, पिसांचे एक जॅकेट, हातमोज्यांचा एक चांगला जोड, थर्मलचे पाच संच, जाड लोकरी पायमोज्यांचे सहा जोड, बूट सुकवण्याचे विजेवरचे यंत्र आणि बॅटरीवर गरम होणारे हातमोजे. बूट चार वर्षांपूर्वीचे आहेत. पायाला ते आरामदायी वाटतात, म्हणून तेच न्यावेत असा विचार आहे.

यादीतले काय काढावे, काय घालावे, आणि सामानाखेरीज या अकरा आठवड्यांत काय केले पाहिजे, याबद्दल सविस्तर मार्गदर्शन मिळाले तर फार मदत होईल.

उतारकरी

अभिनंदन. कॅनडा आणि न्यूझीलंड मिळून मी नऊ हंगाम शिकवले आहे, त्या आधारावर लिहितो.

तुमची यादी दिवसभर स्की करणाऱ्या माणसाची आहे. स्की करणारा हालचालीने गरम राहतो. नवशिक्यांना शिकवणारा प्रशिक्षक मात्र कामाचे बहुतेक तास उभा असतो : पडलेल्या मुलाला उचलायला वाकतो, त्याच्या बुटाचे बकल लावतो, निसटलेली स्की आणून देतो, आडव्या पावलांनी पुन्हा उतार चढतो आणि मग रांगेतल्या शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत वाऱ्यात थांबतो. दोन मिनिटे घाम आणि दहा मिनिटे गारठा हा क्रम दिवसभर चालतो, आणि सामानातली प्रत्येक वस्तू या क्रमाला उपयोगी पडते की नाही, एवढ्याच कसोटीवर ठेवावी किंवा काढावी. तापमान उणे १५ अंश असताना ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २६ सारखे जाणवते. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघड्या गालांना आणि नाकाला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. रॉकी पर्वतात तर काही दिवशी थंड हवा दरीत साचून राहते आणि नवशिक्यांचा उतार, जो बहुधा पायथ्याशीच असतो, शिखरापेक्षाही गार असतो.

आता जॅकेटांविषयी. बहुतेक स्की शाळा गणवेशाचे जॅकेट देतात आणि अनेक शाळा पँटही देतात. आजच शाळेला पत्र लिहून विचारा. उत्तर होकारार्थी आले तर दोन्ही जाड जॅकेट काढा आणि सुट्टीच्या दिवसासाठी एक साधे, वारा अडवणारे जॅकेट ठेवा. तुम्हाला खरी गरज आहे ती गणवेशाच्या आत बसणाऱ्या थरांची : अंगाला लागून मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस आणि त्यावर कृत्रिम तंतू भरलेले हलके जॅकेट. पिसांचे जॅकेट संध्याकाळी गावात फिरायला उत्तम असते, पण घामाने किंवा ओल्या बर्फाने पिसे एकदा चिकटली की त्यांची ऊब जाते आणि कामाच्या दिवसांत ती पुरती सुकत नाहीत. थर्मलचे तीन संच पुरतात, कारण लोकर रात्री वाळत घातली तरी वास धरत नाही. सुती कपडा मात्र अंगावर एकही नको, आतलाही नको.

गळ्याभोवतीच्या नळीसारख्या कापडी पट्ट्या किमान तीन न्या. श्वासाच्या ओलाव्याने ती पट्टी दुपारपर्यंत गोठून कडक होते आणि मग तीच गालाला घासू लागते. गॉगलच्या काचा दोन असाव्यात : ढगाळ, सपाट प्रकाशासाठी एस१ वर्गाची आणि स्वच्छ उन्हासाठी एस३ वर्गाची. सपाट प्रकाशात गडद काच लावून शिकवले तर उतारावरचा उंचवटा तुम्हालाच दिसत नाही, मग मुलांना तो कसा दाखवणार? गॉगलची आतली बाजू बोटाने किंवा हातमोज्याने कधीही पुसू नका, कारण धुके न धरणारा लेप त्याने निघून जातो. पाण्याचे थेंब झटकावेत आणि घरी आल्यावर गॉगल उघडा सुकू द्यावा.

हातांसाठी एक जोड अजिबात पुरणार नाही. तळव्याला चामडे असलेले दोन जोड घ्या, म्हणजे एक वापरताना दुसरा सुकत राहील. त्यांपैकी एक जोड बोटे एकत्र राहणाऱ्या मिटनचा असावा, कारण उभे राहण्याच्या कामात त्याचीच ऊब टिकते. आत घालायला अगदी पातळ हातमोज्यांचे तीन जोड ठेवा. दिवसातून पन्नास वेळा मुलांची बकले, चेन आणि हेल्मेटचे पट्टे लावावे लागतात आणि त्या प्रत्येक वेळी उघड्या हाताने गार धातूला स्पर्श केला तर महिन्याभरात बोटांची टोके फुटतात. चामड्याला निघण्यापूर्वी मेण चोळा आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा चोळत जा.

शेवटी बूट, आणि याच विषयावर मला सर्वात जास्त बोलायचे आहे. 'आरामदायी वाटतात' हे चार वर्षे वापरलेल्या बुटाबाबत बहुधा धोक्याचे लक्षण असते, कारण आतला मऊ अस्तरबूट दबून सैल झालेला असतो. आजच एक परीक्षा करा. अस्तरबूट बाहेर काढा, नुसत्या बाहेरच्या कडक कवचात पाय घाला, बोटे पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. दीड ते दोन सेंटिमीटर उरले तर कवच तुमच्या मापाचे आहे आणि कदाचित नवा अस्तरबूट व तळाचा आधार बनवून घेतला तरी भागेल. याहून पुष्कळ जास्त जागा उरली तर ते कवचच तुमचे नव्हे. सैल बुटात टाच उचलली जाते, ती धरून ठेवायला बोटे नकळत आवळली जातात, वरची बकले गरजेपेक्षा घट्ट केली जातात, रक्तपुरवठा कमी होतो आणि पाय गार पडतो. पुष्कळ जण या गारठ्यावर उपाय म्हणून जाड पायमोजे घालतात आणि दुखणे वाढवतात. तुमच्या सहा जाड जोडांऐवजी चार पातळ, गुडघ्यापर्यंतचे लोकरी जोड न्या. एका वेळी एकच जोड घालायचा, आणि तो बूट चढवण्याच्या क्षणी कोरडा असला पाहिजे. घरून घालून आलेल्या मोज्यात तोवर घाम मुरलेला असतो.

बुटाचा कडकपणा निवडताना स्वतःच्या वेगवान स्कीइंगचा विचार करू नका. स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोके जुळवून आणि मागची फाकवून वेग आवरणे, संथ गतीने, घोट्यातून वाकून, पन्नास वेळा दाखवायचा असतो, आणि बुटाचे प्लास्टिक थंडीत आणखी ताठर होते. दुकानात ठीक वाटलेला अतिकडक बूट उणे २० अंशांत लाकडासारखा होतो. मग तुमचे प्रात्यक्षिक चुकीचे दिसते आणि मुले हुबेहूब ती चूक उचलतात.

संतुलन

उतारकरी यांनी सामानाचे सांगितले, मी शरीराबद्दल लिहिते. मी खेळाडूंच्या पुनर्वसनाचे काम करते आणि तीन हंगाम शिकवलेही आहे.

अकरा आठवडे हा चांगला अवधी आहे, फक्त तो पळण्यात खर्च करू नका. स्कीइंगमध्ये मांडीचे स्नायू लांबत असताना भार पेलतात, म्हणून व्यायामही तसाच हवा : पायरीवरून तीन-चार सेकंद घेत सावकाश एका पायाने खाली उतरणे, संथ बैठका, भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखे बसणे. पहिले सहा आठवडे हे आठवड्यातून तीनदा करा आणि नंतर त्यात आडव्या उड्या आणि एका पायावरचा तोल वाढवा. नवशिक्यांच्या प्रशिक्षकाला आणखी दोन जागी ताण येतो आणि त्यांची तयारी सहसा कोणी करत नाही. पहिली जागा म्हणजे मांड्यांची आतली बाजू आणि नितंब. उलटे, मुलांकडे तोंड करून स्नोप्लाऊ करत उतरताना पाय सतत फाकलेले राहतात, आणि पहिल्या आठवड्यात दुखते ते इथेच. दुसरी जागा म्हणजे कंबर. वीस किलोचे मूल, त्याचे बूट आणि स्की यांसह जमिनीवरून दिवसातून तीस वेळा उचलायचे, तेही स्वतःच्या पायांत स्की असताना, हे काम वाकलेल्या पाठीने केले तर जानेवारीपर्यंत कंबर हमखास धरते. वजन जमिनीवरून मांड्यांच्या बळावर उचलण्याचा सराव आत्तापासून करा. आणि तिथे गेल्यावर मुलाला उचलण्याऐवजी उठायला शिकवा, हा त्याहून चांगला उपाय आहे.

पडण्याविषयीही थोडे लिहिते. गुडघ्यातील पुढचा क्रूसाकार अस्थिबंध फाटण्याचे अनेक प्रसंग माणूस मागे कलून पडत असताना, घसरणे थांबायच्या आधीच उठायचा प्रयत्न करतो तेव्हा घडतात. तोल गेला की हात पुढे ठेवावेत, पाय ताठ करू नयेत आणि पूर्ण थांबेपर्यंत उठू नये. काठीचा पट्टा मनगटात अडकवून पडल्यास अंगठ्याच्या तळाचा अस्थिबंध फाटतो. ही दुखापत इतकी नेहमीची आहे की तिला स्कीअरचा अंगठा असे नावच पडले आहे. लहान मुलांच्या वर्गात काठ्या बहुतेक वेळा नेऊच नयेत, कारण हात मोकळे लागतात.

निघण्यापूर्वी दातांची तपासणी जरूर करून घ्या. हंगामाच्या मध्यावर दाढ दुखू लागली तर ती सुट्टीची वाट पाहत नाही. चष्मा असेल तर दुसरा चष्मा आणि नंबरचा कागद सोबत असू द्या. बर्फावरून अतिनील किरणे ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित होतात आणि दर हजार मीटर उंचीला त्यांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते, म्हणून ऊन अडवणारे मलम हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांनाही लावायचे असते. रोजची काही औषधे असतील तर ती मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

निळीवाट

दोघांचेही मनापासून आभार. बुटाची परीक्षा केली. टाचेमागे जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर जागा उरली. म्हणजे चार वर्षे मी मोठ्या बुटात स्की करत होते आणि पाय गार पडतात हा माझ्या शरीराचाच दोष समजत होते. शाळेचे उत्तरही आले : जॅकेट आणि पँट दोन्ही मिळणार आहेत.

आता दोन शंका आहेत. नवे बूट इथूनच घ्यावेत की तिथे जाऊन? आणि स्की एकच न्यायची असेल तर कोणती, शिवाय तिच्या बाइंडिंगचे (बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या जोडणीचे) काय?

कडाआणिमेण

मी स्की दुरुस्तीच्या कार्यशाळेत काम करतो.

बुटांबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. पाय नीट मोजून कवच तापवून-घासून बसवून देणारा जाणकार तंत्रज्ञ तुमच्या आवाक्यात असेल तर आत्ताच घ्या आणि रोज संध्याकाळी तासभर घरात घालून बसा. तसा कोणी नसेल तर घाईने कुठूनही घेऊ नका. कामाच्या चार-पाच दिवस आधी पोहोचा आणि स्की केंद्राच्या गावातच बूट घ्या. कारण नवा बूट पहिल्याच फेरीत बरोबर बसत नाही : आठवडाभर वापरल्यावर घोट्याजवळ किंवा करंगळीजवळ टोचू लागतो आणि तेव्हा ज्याने बसवून दिला त्याच्याकडेच परत जाता आले पाहिजे. बुटाच्या बाबतीत मी पाहिलेले बहुतेक हाल हे दुकान हजारो किलोमीटर मागे राहिल्यामुळे झालेले आहेत. बूट आधी घेतलेत तर ते विमानात हातातल्या सामानात न्या. हरवलेली स्की भाड्याने मिळते, पण तुमच्या पायावर बसवलेला बूट कुठेही भाड्याने मिळत नाही.

रुंद स्की घरी ठेवा. पायाखाली ७५ ते ८५ मिलिमीटर रुंदीची, लहान वळणे सहज घेणारी एकच स्की न्या. रोजचा वर्ग, प्रशिक्षकांचे सराव-सत्र आणि दुसऱ्या स्तराची परीक्षा, या सगळ्यांना ती पुरते. ज्या दिवशी भरपूर ताजा बर्फ पडेल आणि तुम्हाला सुट्टी असेल, त्या दिवसासाठी रुंद स्की तिथे भाड्याने घेता येईल.

नवा बूट घेतला की बाइंडिंग नव्याने जुळवावेच लागते, हे कृपया गृहीत धरा. बुटाच्या टाचेजवळ कवचावर तळाची लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ती लांबी, तुमचे वजन, उंची, वय आणि स्की करण्याची शैली यांवरून बाइंडिंग किती जोराने सुटावे हे ठरते. हे काम तंत्रज्ञाकडून आणि चाचणी-यंत्रावर तपासूनच करून घ्या. मित्राने स्क्रूड्रायव्हरने फिरवून दिलेल्या आकड्यावर विसंबून राहू नका. आणखी एक गोष्ट बघा : अलीकडच्या अनेक बुटांचा तळ चालायला सोपा असा वक्राकार, ग्रिपवॉक प्रकारचा असतो, आणि जुनी अल्पाइन बाइंडिंग त्याला चालत नाहीत. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच हा मेळ तपासा.

बूट सुकवण्याचे यंत्र यादीतून काढा. कॅनडात विजेचा दाब १२० व्होल्ट असतो. २३० व्होल्टसाठी बनवलेले तापवणारे उपकरण तिथे जेमतेम कोमट होते. जपानमध्ये तो १०० व्होल्ट आहे, म्हणजे तिथे तर आणखी वाईट. प्रशिक्षकांच्या खोलीत बूट सुकवण्याची सोय आहे का ते विचारा. नसेल तर रोज अस्तरबूट बाहेर काढून खोलीच्या हवेत ठेवा, हीटरला टेकवून ठेवू नका. गरम होणारे हातमोजे नेणारच असाल तर चार्जर १०० ते २४० व्होल्टचा आहे याची खात्री करा आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवा, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाहीत.

कागदोपत्री

मला कोणी हे आधी सांगितले नव्हते म्हणून लिहीत आहे. माझ्या पहिल्या हंगामात ज्या शाळेने मला बोलावले, तिच्या करारात कामाच्या तासांची कोणतीही हमी नव्हती. ते वाक्य मी वाचले होते, पण त्याचा अर्थ मला डिसेंबरमध्ये कळला. बर्फ उशिरा पडला, वर्ग सुरू झाले नाहीत, रोज सकाळी गणवेश घालून हजर राहायचे, नावे पुकारली जायची आणि काम न मिळालेल्यांनी परत जायचे. घरभाडे मात्र पहिल्या दिवसापासून चालू होते. तेव्हा करारात तीन गोष्टी शोधा आणि सापडल्या नाहीत तर लेखी विचारा : आठवड्याला किमान किती तासांचे काम, हजर राहूनही वर्ग न मिळाल्यास काही मोबदला आहे का, आणि राहण्याची जागा नोकरीला जोडलेली आहे की स्वतंत्र. दीड-दोन महिने एकही वर्ग न मिळता राहता येईल एवढी शिल्लक हाताशी ठेवूनच निघा.

कॅनडात कामाचा परवाना बहुधा प्रवेशाच्या ठिकाणी, अधिकाऱ्यासमोर हातात मिळतो. तो मिळताच तिथेच उभे राहून वाचा : नाव, मुदत आणि अटी. वैद्यकीय तपासणी झालेली नसेल तर मुलांसंबंधीच्या कामावर बंधन घालणारी अट त्यावर छापलेली असू शकते आणि तुमचे तर कामच मुलांचे आहे. म्हणून ही तपासणी लागते का, हे आत्ताच शाळेला आणि व्हिसाच्या अधिकृत माहितीत पाहून ठरवा, कारण तिला वेळ लागतो. पगारासाठी नऊ अंकी सोशल इन्शुरन्स क्रमांक काढावा लागतो. तो पहिल्या एक-दोन दिवसांतच काढा. चारित्र्य पडताळणीचा दाखला, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि प्रशिक्षक संघटनेचे चालू वर्षाचे सदस्यत्व, या तिन्हींच्या मुदती तपासा. प्रमाणपत्र भिंतीवर असले तरी सदस्यत्वाची वर्गणी थकलेली असेल तर शाळेच्या दृष्टीने ते चालू धरले जात नाही.

विमा घेताना 'हिवाळी खेळ समाविष्ट' एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका. प्रवास विम्यात पैसे घेऊन केलेले काम पुष्कळदा वगळलेले असते. मोबदला घेऊन स्की शिकवणे, आखलेल्या उतारांबाहेरचे स्कीइंग आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका या तिन्ही गोष्टी समाविष्ट आहेत, असे विमा कंपनीकडून लेखी घ्या. कामावर असताना शाळेचे संरक्षण कुठपर्यंत आहे आणि सुट्टीच्या दिवशी कुठून तुमचे स्वतःचे सुरू होते, हेही स्पष्ट असू द्या, कारण प्रशिक्षकांना दुखापती अनेकदा सुट्टीच्याच दिवशी होतात.

शिकवणारी

वरचे सगळे सल्ले योग्य आहेत. एक तयारी राहिली आहे आणि ती बॅगेत वजन घेत नाही, म्हणून बहुतेक जण विसरतात : शिकवण्याचे शब्द.

पहिल्या स्तराच्या परीक्षेत तुमच्यासमोर मुले म्हणून मोठी माणसेच उभी होती. पाच वर्षांच्या मुलाला 'वजन बाहेरच्या पायावर घे' हे कळत नाही. त्याला 'पिझ्झा' म्हणजे स्कीची टोके जुळवून केलेला त्रिकोण आणि 'फ्राइज' म्हणजे समांतर स्की हे कळते, आणि त्यापुढे काय सांगायचे याचा साठा आपला आपणच जमवावा लागतो. या अकरा आठवड्यांत रोज एक कृती घ्या : थांबणे, वळणे, पडल्यावर उठणे, आडव्या पावलांनी चढणे, नवशिक्यांना उतारावर वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर उभे राहणे. ती तुम्ही ज्या भाषेत शिकवणार त्या भाषेत, दहा शब्दांच्या आत, मोठ्याने बोलून पाहा. नंतर तीच कृती एकही शब्द न बोलता, नुसती करून दाखवता येते का तेही पाहा. तुमच्या वर्गात अशी मुले येतील ज्यांना तुमची भाषा येत नसेल, आणि वाऱ्यात हेल्मेटखाली तर कोणालाच फारसे ऐकू येत नाही.

उतारांच्या खुणाही आधीच पक्क्या करा. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा अशी चढती श्रेणी असते. युरोपात निळा, लाल, काळा असे रंग असतात आणि फ्रान्ससारख्या देशांत त्याआधी हिरवा. युरोपातून आलेले पालक 'आमचा मुलगा लाल उतारावर जातो' असे सांगतात, तेव्हा तुमच्याकडे लाल नावाचे काहीच नसते. अशा वेळी शब्दावर न जाता मुलाला सोप्या उतारावर दोन वळणे करायला लावा आणि डोळ्यांनी पाहून गट ठरवा. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे आचरणाचे दहा नियम आणि कॅनडातली दहा कलमांची आचारसंहिता दोन्ही वाचा. त्यांतला मागून येणाऱ्याने पुढच्याची वाट सांभाळण्याचा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचा असतो.

आता अंगावरच्या छोट्या पिशवीतल्या वस्तू. पेन्सिल आणि छोटी वही, कारण थंडीत पेनाची शाई चालत नाही. वहीत मुलांची नावे, पालकांचे संपर्क आणि प्रत्येक मुलाला काय जमले ते लिहा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेलेले मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करत नाही. याशिवाय मुलांच्या मापाच्या हातमोज्यांचा एक जास्तीचा जोड, कागदी रुमाल, चिकटपट्ट्या, शिट्टी, हात गरम करणाऱ्या पुड्या आणि बाइंडिंगच्या स्क्रूला बसणारा छोटा स्क्रूड्रायव्हर. फोन आतल्या, अंगाजवळच्या खिशात ठेवा, कारण बाहेरच्या खिशात गारठ्याने त्याची बॅटरी अचानक बंद पडते आणि नेमका तो लागणारा प्रसंग तेव्हाच येतो.

हिमस्खलनाचे ट्रान्ससीव्हर (गाडल्या गेलेल्याचा माग लागावा म्हणून अंगावर बांधायचे, रेडिओ संकेत देणारे-घेणारे यंत्र), शोधकाठी आणि फावडे हा विषय वेगळा आहे. आखलेल्या उतारांवर नवशिक्यांना शिकवताना ते लागत नाही, पण सुट्टीच्या दिवशी सहकारी तुम्हाला स्की केंद्राच्या सीमेबाहेर बोलावतील. त्या वेळी ही तिन्ही साधने, ती वापरण्याचा सराव आणि कॅनडातला दोन दिवसांचा प्राथमिक हिमस्खलन अभ्यासक्रम झालेला असल्याशिवाय जाऊ नका. ट्रान्ससीव्हर जगभर ४५७ किलोहर्ट्झवर चालतो, त्यामुळे तो कुठूनही घेतला तरी चालेल. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणजे सुटका तुमच्यासोबतच्यांनीच करायची असते.

निळीवाट

सर्वांचे आभार. यादीतून दुसरी स्की, दोन्ही जाड जॅकेट, जाड पायमोजे आणि बूट सुकवण्याचे यंत्र काढले. पिसांचे जॅकेट संध्याकाळसाठी ठेवले. वैद्यकीय तपासणीबद्दल शाळेला आज लिहिले आणि कामाच्या तासांबद्दलही त्याच पत्रात विचारले. विमानाचे तिकीट सहा दिवस अलीकडचे करून घेतले, म्हणजे बूट तिथेच घेता येतील.

एकच शेवटची शंका. वर्ग चालू असताना एखादे मूल गारठून रडू लागले आणि बाकीची सात मुले उत्साहात असतील, तर प्रशिक्षकाने काय करायचे असते?

शिकवणारी

सगळ्यांना घेऊन आत जायचे. एका मुलाला एकटे पाठवायचे नाही आणि सात मुलांना उतारावर सोडून जायचेही नाही. म्हणून वर्ग सुरू होण्याआधीच जवळची गरम जागा कोणती आणि तिथे पोहोचायला किती मिनिटे लागतात हे माहीत असले पाहिजे. पोहोचल्या दिवशी गावात फिरायला जाण्यापूर्वी तो रस्ता चालून पाहा. आत गेल्यावर आधी मुलाचे हातमोजे काढून बोटे बघा : पांढरी, मेणासारखी आणि स्पर्श न कळणारी असतील तर चोळायची नाहीत, आपल्या उबदार हातात किंवा काखेत धरायची आणि लगेच स्की गस्तीपथकाला कळवायचे. बोटे नुसती लाल आणि गार असतील तर कोरडे हातमोजे घालून दहा मिनिटे बसवायचे. निघताना दारातच मुले मोजायची आणि बाहेर पडल्यावर पुन्हा एकदा मोजायची.